जखमा बांधायच्या कोणी?

चार माणसे एखाद्या कार्यासाठी एकत्र आली की कार्यास आरंभ होण्यापूर्वीच एक प्रश्न उभा राहतो : कोणी काय करायचे? कार्य मोठे असो वा लहान, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टींची ओढाताण होते. एकीकडे कार्याची गरज असते, दुसरीकडे माणसाची आवड. दोन्ही जुळून आल्या तर प्रश्नच मिटला. परंतु त्या बहुधा पूर्णपणे जुळत नाहीत. एखादे काम असे उरते, की जे झाल्यावाचून चालणार नाही आणि जे करावेसे मात्र कोणालाच वाटत नाही. त्या उरलेल्या कामाचे काय करायचे? ते कोणावर टाकणे न्यायाचे ठरेल?

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका खेळाच्या आधारे करणार आहोत. खेळाचाच आधार का, असे वाचक विचारतील. संसारात हा प्रश्न पैसा, नाती, वय, मानपान यांत इतका गुरफटलेला असतो की त्याचे मूळ रूप दृष्टीस पडत नाही. खेळात ती गुंतागुंत बरीचशी गळून पडते. शिवाय ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहोत तो खेळणाऱ्यांनी व रचणाऱ्यांनी गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचा एवढा खल केला आहे आणि नियम इतक्या वेळा बदलून पाहिले आहेत, की प्रयोगशाळेची टिपणवहीच आपल्यापुढे उघडून ठेवावी तसे झाले आहे.

खेळ आणि त्यातील भूमिका

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. पुढे जगभर पसरलेल्या साहस-भूमिका-खेळांचा हा मूळपुरुष होय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण कथेचा सूत्रधार असतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंगाचे वर्णन करतो : समोर भुयाराचे दार आहे, दाराला कुलूप आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतो आहे, आता तुम्ही काय कराल? इतर प्रत्येकाने एकेक कल्पित पात्र धारण केलेले असते. आपले पात्र काय करील ते तो सांगतो, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासा टाकून निर्णय होतो. या खेळाचे वैशिष्ट्य असे, की खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. तरले तर सगळे तरतात, बुडाले तर सगळे बुडतात. एकत्र निघालेल्या या पात्रांच्या मेळ्याला 'पार्टी' असे नाव आहे. मंत्रतंत्र व राक्षस यांचा वावर असल्यामुळे १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता. टेबलावर कथा रंगविणे म्हणजे पूजा करणे नव्हे, एवढेच त्यावर म्हणून आम्ही पुढे जातो.

आरंभीच्या पुस्तिकांत तीनच भूमिका होत्या : योद्धा, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे धर्मसेवक. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने त्यांत चोराची भर घातली. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, भिंतीवर चढून जाणे ही त्याची कामे. या भूमिकांची मौज अशी, की प्रत्येकीत एक सामर्थ्य आणि एक ठळक उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेप्रमाणे पात्राचे प्राणबळ फाशाने ठरे. योद्ध्याला दहा बाजूंचा फासा, क्लेरिकला आठ बाजूंचा, चोराला सहा बाजूंचा आणि मांत्रिकाला केवळ चार बाजूंचा. म्हणजे नवशिक्या मांत्रिकाच्या ठायी एक ते चार इतकेच प्राण, आणि गाठीला मंत्र एकच. तो एकदा उच्चारला की स्मरणातून जाणार. विश्रांती व पुन्हा अध्ययन केल्याशिवाय परत मिळणार नाही. अशा मांत्रिकाला मेळ्याने तळहातावरील फोडासारखे जपावे लागते. परंतु तोच मांत्रिक पुढे अनुभवाने वाढला म्हणजे एका अग्निगोळ्याने शत्रूची अख्खी तुकडी भस्म करतो, आणि ज्या योद्ध्याने त्याला कालपर्यंत पाठीशी घातले त्याचे रक्षण तो करू लागतो. येथे समतोल केवळ माणसामाणसांत नाही, तो काळातही आहे. आज ज्याचे ऋण घ्यायचे त्याला उद्या फेडायचे, अशी ती योजना आहे.

क्लेरिकची कहाणी

या चौघांत क्लेरिकविषयी आम्हांस विशेष कुतूहल वाटावे हे स्वाभाविकच. त्याची जन्मकथा गमतीची आहे. आर्नेसन यांच्या 'ब्लॅकमूर' नावाच्या खेळात एका खेळाडूचे रक्तपिपासू पिशाच पात्र इतके बलवान झाले की इतरांना त्याच्यापुढे टिकाव धरणे कठीण झाले. त्याला आळा घालण्यासाठी पिशाचांना पिटाळून लावणारे एक पात्र निर्माण करण्यात आले, तोच क्लेरिक. म्हणजे ही भूमिका मुळातच समतोलाच्या गरजेतून जन्मली.

तिच्यावर एक बंधनही होते. क्लेरिकने धारेचे शस्त्र वापरायचे नाही. गदा किंवा सोटा चालेल. मध्ययुगीन धर्माधिकारी रक्तपात टाळण्यासाठी बोथट शस्त्रे वापरीत, या लोकप्रिय समजुतीचा हा प्रतिध्वनी. अकराव्या शतकातील प्रसिद्ध बायो भरतकामात बिशप ओडो हाती सोटा घेऊन घोड्यावर बसलेले दिसतात. त्यावरून ही समजूत बळावली. इतिहासाच्या कसोटीला ती फारशी उतरत नाही. सोट्याने डोके फोडले तरी रक्त सांडायचे ते सांडतेच! असो.

काळाच्या ओघात पिशाचे मागे पडली आणि क्लेरिकचे एक काम पुढे आले : सोबत्यांच्या जखमा बऱ्या करणे. मेळा जगायचा असेल तर हे काम झालेच पाहिजे. आणि नेमकी हीच भूमिका घ्यायला कोणी तयार नसे. खेळणाऱ्यांच्या वर्तुळात ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण माणसांचा स्वार्थीपणा एवढेच नाही. ते नियमांच्या रचनेत होते. लढाईत प्रत्येकाला आळीपाळीने एकेक डाव मिळतो. योद्धा आपल्या डावात तलवार चालवितो, मांत्रिक मंत्र टाकतो, चोर पाठीमागून घाव घालतो. क्लेरिकच्या डावात मात्र कोणीतरी ओरडतो, "मला वाचव!" त्याचा डाव दुसऱ्याच्या देहावर खर्च होतो. त्याच्यापाशी जे मोजके मंत्र असत तेही जखमांसाठी राखून ठेवणे भाग पडे. स्वतः काही करावे, काही योजावे, काही धाडस करावे, याला त्याच्या वाट्याला अवकाशच उरत नसे. सायंकाळ संपल्यावर इतरांना सांगायला पराक्रम असे. त्याच्यापाशी मात्र दुसऱ्यांच्या जखमांचा हिशोब असे.

आता प्रसंग असा कल्पावा. चौघे मित्र जमले. एकाने योद्धा निवडला, दुसऱ्याने मांत्रिक, तिसऱ्याने चोर, चौथ्याने वनवासी धनुर्धर. पाचवा जरा उशिरा आला. तो धाकटा आहे, किंवा नवखा आहे, किंवा स्वभावाने मवाळ आहे. त्याला काय व्हायचे आहे हे कोणी विचारत नाही. सगळे एका सुरात म्हणतात, "आपल्याकडे क्लेरिक नाही." हे वाक्य वरवर माहिती देणारे आहे, प्रत्यक्षात तो आदेश आहे. पाचवा बिचारा मान डोलावतो. मेळा समतोल झाला. परंतु हा समतोल न्यायाचा झाला काय?

गणित आणि माणूस

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९८७ साली जपानमध्ये 'फायनल फँटसी' हा संगणकीय खेळ आला. त्यात सहा प्रकारच्या पात्रांतून खेळणाऱ्याने चार निवडायची असतात. जखमा बऱ्या करणारी शुभ्रवस्त्रधारी पात्रे घ्यावीत की नाहीत, किती घ्यावीत, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. कोणी हौसेने चारही पात्रे त्याच प्रकारची घेऊन खेळ तडीस नेण्याचा खटाटोप करतात. तेथे अन्यायाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण चारही पात्रांमागे माणूस एकच आहे. तेथे समतोल हे निव्वळ गणित आहे. टेबलाभोवती मात्र प्रत्येक पात्रामागे एक माणूस बसलेला असतो, आणि तो आपली सायंकाळ घेऊन आलेला असतो. ज्या क्षणी आपण टेबलाभोवतीच्या माणसांची मांडणी त्या संगणकातील पात्रांप्रमाणे करू लागतो, त्या क्षणी गणित बरोबर येते आणि नीती चुकते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच एक साध्य आहे, असे कांटने सांगितले. त्याचा अर्थ येथे बोट ठेवून दाखविता येतो.

यावर प्लेटोचा पक्षधर म्हणेल, की ज्याने त्याने आपल्या प्रकृतीला अनुरूप असे एकच काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, यातच न्याय आहे. 'रिपब्लिक' या ग्रंथातील आदर्श नगराची उभारणी याच तत्त्वावर झालेली आहे, आणि भूमिका-खेळातील मेळा त्या नगराची छोटी प्रतिकृती वाटावी असा आहे खरा. परंतु अनुरूप काय हे ठरविणार कोण? मवाळ मुलाला सेवेची भूमिका 'शोभते' असे जे म्हणतात त्यांना बहुधा ती स्वतःला नको असते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात त्यांनी प्लेटोच्या या वर्गवारीतील दोष दाखविला आहे, आणि जातिव्यवस्थेचे समर्थन श्रमविभागणीच्या नावाने करणाऱ्यांनाही उत्तर दिले आहे. त्यांचा मुद्दा असा, की कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच उच्चनीच कप्प्यांत कायमचे बंद करणे वेगळे. खेळाच्या टेबलाला जातिव्यवस्थेच्या पंक्तीस बसवावे असा आमचा हेतू नाही. ती अतिशयोक्ती होईल. तेथून कोणालाही उठून जाता येते. तथापि भेदाचे सूत्र तेच आहे. "या वेळी जखमा तू पाहा" ही कामाची वाटणी झाली. "हा आमचा क्लेरिक" असे वर्षानुवर्षे म्हणत राहणे ही माणसाची वाटणी झाली. पहिलीत भूमिका माणसाकडे येते, दुसरीत माणूस भूमिकेत गाडला जातो.

आणखी एक दाखला या खेळाच्या पूर्वजांतूनच देता येतो. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कथेचा डंजन्स अँड ड्रॅगन्सवरील ठसा सर्वश्रुत आहे. पहिल्या पुस्तिकांत 'हॉबिट' हे नावदेखील तसेच उचललेले होते. हरकत घेतली गेल्यावर ते बदलण्यात आले. टोल्किन श्रद्धावंत कॅथलिक होते हे वाचकांना ठाऊक असेलच. त्या कथेत संकटमय प्रवासासाठी नऊ जणांचा मेळा निवडला जातो. शेवटच्या दोन जागांसाठी एल्रॉन्ड आपल्या घराण्यातील समर्थ माणसांचा विचार करीत असतो. मेरी आणि पिप्पिन हे दोन तरुण हॉबिट आपल्या मित्राबरोबर जाण्याचा हट्ट धरतात. त्यांच्यापाशी ना शस्त्रविद्या, ना मंत्रविद्या. भूमिकांच्या तक्त्यात त्यांना बसवायला घर नाही. तरीही गँडाल्फ सल्ला देतो, की येथे मोठ्या शहाणपणापेक्षा त्यांच्या मैत्रीवर भिस्त ठेवावी. पुढे वृक्षपालांना जाग आणून आयसेनगार्डचा पाडाव घडविण्यास हेच दोघे निमित्त होतात. एकाच्या वारामुळे जादूगार-राजाचा वध शक्य होतो, दुसऱ्यामुळे फॅरामीर चितेवरून वाचतो. एल्रॉन्डचे गणित चुकीचे नव्हते. ते फक्त अपुरे होते. माणूस काय करू शकतो हे तक्त्यात लिहिता येते. तो का आला आहे हे लिहिता येत नाही.

चार उपाय

असे असले तरी जखमा कोणीतरी बांधल्याच पाहिजेत, हे सत्य उरतेच. पाचांनी पाच योद्धे घेतले तर ते स्वातंत्र्य नव्हे, तो निष्काळजीपणा होय. आपल्या आवडीचे पात्र घेऊन नंतर सोबत्यांना मरू देणारा खेळाडू हा लादणाऱ्याइतकाच दोषी असतो. म्हणून नको असलेल्या कामाची तड कशी लावावी याचे जे उपाय या खेळांच्या जगात योजले गेले त्यांचा विचार करू.

पहिला उपाय आज्ञेचा. शेवटी येईल त्याने उरलेले घ्यावे. त्यात सोय आहे, पण न्याय नाही. उशिरा येणे हा काही अपराध नव्हे, आणि मवाळपणा तर मुळीच नव्हे.

दुसरा उपाय आमिषाचा. २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा महाजालावर हजारोंनी एकत्र खेळण्याचा खेळ सुरू झाला. त्यात पाच जणांच्या मेळ्यात एकाने शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे, एकाने जखमा भरायच्या आणि तिघांनी प्रहार करायचे, अशी वाटणी रूढ झाली. या तीन भूमिकांच्या जुळणीला खेळाडू गमतीने 'होली ट्रिनिटी' म्हणतात. आपल्या श्रद्धेतून उसनवार घेतलेल्या या शब्दाचा राग मानण्याचे कारण नाही, पण एक फरक नोंदविण्याजोगा आहे. पवित्र त्रैक्याच्या शिकवणीत तिन्ही व्यक्ती उपयोगावरून वेगळ्या ठरत नाहीत. परस्परांशी असलेल्या नात्यावरून वेगळ्या ठरतात. खेळातील त्रयी केवळ उपयोगावर उभी आहे, आणि म्हणूनच तिच्यात टंचाई निर्माण होते. २००९ साली अनोळखी खेळाडूंचे मेळे यंत्राकरवी जुळवून देण्याची सोय झाली तेव्हा प्रहार करणाऱ्यांना ताटकळावे लागे, कारण त्यांची संख्या मोठी आणि इतर दोन भूमिका घेणारे थोडे. २०११ साली ज्या भूमिकेची त्या वेळी टंचाई असेल ती घेणाऱ्यास अधिक बक्षिसाची थैली देण्याची योजना सुरू झाली. बाजाराचा हा न्याय तुच्छ लेखण्याजोगा नाही. दुसरे सुखासुखी टाळतात ते काम करणाऱ्याला अधिक मोबदला मिळणे योग्यच आहे. परंतु मोबदल्याने काम होते, कामाला मान मिळतोच असे नाही. थैली घेणारा उद्या थैलीसाठीच येईल, आणि सोबत्यांना तो भाड्याचा माणूस वाटेल.

तिसरा उपाय पाळीचा. या मोहिमेत तू, पुढच्या मोहिमेत मी. हा उपाय साधा व जुना आहे. त्याचा मोठा गुण असा, की प्रत्येकाला त्या कामाचा भार स्वतः अनुभवता येतो. ज्याने एकदा आपला डाव दुसऱ्याच्या जखमेवर खर्च केला आहे तो पुढे विनाकारण जखमा ओढवून घेत नाही. ऊठसूट शत्रूवर धावून जाणाऱ्या योद्ध्याला शहाणे करण्याचे सामर्थ्य उपदेशापेक्षा या पाळीत अधिक आहे.

चौथा उपाय आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो. तो म्हणजे कामाची रचनाच बदलणे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कर्त्यांनी तो टप्प्याटप्प्याने केला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत क्लेरिकला मुभा मिळाली, की त्याने सकाळी आपल्या पसंतीचे मंत्र तयार ठेवावेत आणि गरज पडली तरच त्यांतील एखाद्याचे जखम भरण्याच्या मंत्रात रूपांतर करावे. म्हणजे सेवेसाठी सर्व गाठोडे आधीच रिकामे करण्याची सक्ती संपली. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत चार भूमिकांना उघड नावे देण्यात आली : रक्षण करणारा, प्रहार करणारा, रणांगण आटोक्यात ठेवणारा आणि चौथा 'लीडर'. या चौथ्यात क्लेरिक मोडतो. ज्याला सेवक मानले जात होते त्यालाच नेता असे नाव मिळाले, ही गोष्ट लक्षात घ्यावी. बदल नावापुरता नव्हता. शब्दाने जखम भरण्याची त्याची कृती आता लहान कृती ठरली, त्यामुळे त्याच डावात त्याला स्वतःचा प्रहारही करता येऊ लागला. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे बरे होण्याची शक्ती ज्याच्या त्याच्या ठायी मोजून ठेवण्यात आली. क्लेरिक बहुतेक वेळा ती फक्त जागी करी, आणि लढाईत एकदा प्रत्येकाला स्वतःच दम धरून सावरता येई. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीतही थोडी विश्रांती घेऊन ज्याने त्याने आपली काही जखम आपणच भरून काढण्याची तरतूद आहे.

या बदलांतून आम्हांस एक तत्त्व दिसते. क्लेरिकची भूमिका नकोशी होती ती सेवेमुळे नव्हे. सेवेपायी माणसाचा सगळा डाव हिरावला जात होता म्हणून ती नकोशी होती. जखमा भरूनही त्याच्या वाट्याला स्वतःची कृती उरली, आणि जखमांचा काही भार ज्याचा त्याने उचलला, तेव्हा तीच सेवा कित्येकांना हवीशी वाटू लागली. जखमा भरण्यात मनापासून आनंद मानणारे खेळाडू पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांची कीव करणे हा त्यांचा अपमान ठरेल. मात्र त्यांच्या आनंदाचा दाखला देऊन दुसऱ्या अनिच्छुकाला त्या जागी बसविणे हाही अन्यायच.

सूत्रधाराचे कर्तव्यही येथे सांगितले पाहिजे. कथेचे जग दगडाचे नसते. ते त्याच्या हाती असते. चौघांनाही चोरच व्हायचे असेल तर त्याने त्यांना रणांगणावर नेऊन मारण्याऐवजी वाड्यातील तिजोरीची कथा रचावी. क्लेरिक नसेल तर औषधांच्या कुप्या वाटेत ठेवाव्यात. ज्याच्या हाती नियम आहेत त्याने माणसांना नियमांच्या मापाने कापण्यापूर्वी नियमांना थोडी मुरड घालता येते का ते पाहावे.

उरलेले काम सर्वांचे

हा सारा विचार टेबलापुरता ठेवता आला असता तर बरे झाले असते. पण क्लेरिक घरोघरी आहेत. आजारी आईच्या उशाशी कोणी बसायचे हा प्रश्न निघाला, की थोरल्याची नोकरी पुढे येते, मधल्याची मुले पुढे येतात, आणि सर्वांच्या नजरा अविवाहित धाकटीकडे वळतात. "तुला कुठे संसार आहे?" हे वाक्य म्हणजे "आपल्याकडे क्लेरिक नाही" याचेच घरगुती रूप होय. तिने होकार दिला म्हणून तिला विचारले गेले होते असे होत नाही. पुढे दहा वर्षांनी तिच्या त्यागाचे गोडवे गायिले जातात, आणि ते गाणाऱ्यांत तिचा डाव घेणारेच आघाडीवर असतात.

त्यागाविषयी आम्ही हलकेपणाने लिहू इच्छीत नाही. आमचे अवघे जीवितकार्य त्याच्या स्मरणावर उभे आहे. पण म्हणूनच हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य ठरते, की त्याग अर्पण करता येतो, दुसऱ्यावर नेमून देता येत नाही. नेमून दिलेल्या त्यागाला दुसरे नाव आहे. त्याला ओझे म्हणतात. ओझे कधीकधी वाहावेच लागते हे खरे. पण मग ते ओझे आहे हे मान्य करावे, त्याची पाळी लावावी, वाहणाऱ्याला मधूनमधून मोकळे करावे, आणि आपल्या जखमा शक्य तितक्या आपण बांधाव्यात. घरात चौथ्या आवृत्तीचे नियम लागू करायला कोणाची परवानगी लागत नाही. थोरल्याने आठवड्यातून दोन रात्री आईपाशी झोपावे. धाकटीला त्या दोन रात्री तिच्या स्वतःच्या असाव्यात.

मग समतोल कशाला म्हणावे? चारही भूमिका भरल्या म्हणजे मेळा समतोल झाला, ही व्याख्या आम्हांस तोकडी वाटते. ज्या मेळ्यात प्रत्येकाची इतरांना केव्हातरी खरोखर गरज भासते, आणि ज्यात प्रत्येकाला स्वतःचा म्हणता येईल असा डाव मिळतो, तो मेळा समतोल. यांपैकी पहिली अट न पाळली तर एखादा निरुपयोगी ठरतो. दुसरी न पाळली तर एखादा वापरला जातो. दोन्हींत माणसाची हानी आहे.

अलीकडे हे खेळ खेळणाऱ्यांत एक चांगली रीत रूढ झाली आहे. मोहीम सुरू होण्यापूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवतात. तिला ते 'सेशन झीरो' म्हणतात. फासे त्या दिवशी पडत नाहीत. कोणाला काय व्हायचे आहे, कोणाला काय नको आहे, काय उणे पडते आहे, हे सर्वजण एकमेकांसमोर बोलतात. त्या बैठकीत एक शिस्त पाळली तर आमच्या मते पुष्कळ साधेल. "आपल्यात काय कमी आहे?" हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. "जे कमी आहे ते तू हो," असे मात्र कोणी कोणाला सांगू नये. आणि प्रश्न विचारूनही जागा रिकामीच राहिली, तर ती शेवटी आलेल्याची नव्हे, सर्वांची आहे असे समजून कथा, नियम आणि पाळ्या यांची फेरमांडणी करावी. त्यात वेळ जाईल. पण जो पाचवा उशिरा आला होता त्याला त्या दिवशी कोणीतरी विचारील, "तुला कोण व्हायला आवडेल?" त्यावर तो कदाचित "क्लेरिक" असेच उत्तर देईल. तरीही विचारणे आवश्यक आहे.